तरव्याचा युरिया आणि शेणातली प्रतिजैविके

भोगावतीकाठ

नमस्कार. करवीर तालुक्याच्या पश्चिम भागात आमचे दोन एकर भातरान आहे आणि गोठ्यात लहानमोठी पाच जनावरे आहेत. माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झाल्यापासून शेतीकडे स्वतः लक्ष देतो. जे घडले ते तारखेवार वहीत टिपलेले आहे, आणि त्या टिपणांवरूनच हा धागा काढत आहे.

मे अखेरीस आठ गुंठ्यांचा तरवा, म्हणजे भाताच्या रोपांचे वाफे, टाकला. त्यातल्या तीन वाफ्यांना गोठ्याच्या दाराशी साठलेले, महिनाभर वाळलेले शेण घातले होते. उरलेल्या वाफ्यांना उकिरड्यातले वर्षभर कुजलेले खत होते. उगवण सगळीकडे सारखीच झाली. नवव्या-दहाव्या दिवसापासून मात्र त्या तीन वाफ्यांतल्या रोपांचे नवे पान ताकाच्या निवळीसारखे फिकट निघू लागले. खालचे जुने पान हिरवेच होते. दोन्हीकडची मूठ-मूठ रोपे उपटून बादलीत धुतली, तेव्हा चांगल्या वाफ्यातली मुळे बोटभर लांब आणि पांढरी निघाली, तर फिकट वाफ्यातली पेराएवढीच, टोकाला तपकिरी आणि जवळजवळ बिनकेसांची होती.

पिवळे दिसले की युरिया, हे आपल्याकडचे ठरलेले औषध. मीही गुंठ्याला एक किलोप्रमाणे सगळीकडे दिला. चांगले वाफे चार दिवसांत काळेशार झाले. फिकट वाफ्यांतल्या रोपांची टोके मात्र करपली. शेजारच्यांनी ‘आणखी एक हात द्या’ म्हणून सांगितले, पण मी थांबलो.

आता मुख्य मुद्दा. एप्रिलअखेर म्हैस व्याली तेव्हा वार अडकली होती आणि तिला पाच दिवस ऑक्सिटेट्रासायक्लिन या प्रतिजैविकाची इंजेक्शने द्यावी लागली. दाराशी साठलेले शेण नेमके त्याच दिवसांतले आणि त्यानंतरच्या आठवड्याचे होते. औषध शेणातून रोपापर्यंत पोहोचले असेल काय, आणि पोहोचले असल्यास नत्र देऊन रोप सावरते की आणखी बिघडते, हे मला जाणून घ्यायचे आहे.

शेजारमळा

सर, नवे पान पांढरे म्हणजे लोहाची कमतरता. वरकड, कोरड्या वाफ्यावरच्या तरव्याला हे दर दोन-तीन वर्षांनी होतेच. हिराकस म्हणजे फेरस सल्फेट फवारा.

भोगावतीकाठ

तीच शंका मलाही पहिल्यांदा आली होती. एका वाफ्यावर अर्धा टक्का हिराकस थोडा लिंबूरस घालून फवारला. लोहाची कमतरता असती तर जिथे थेंब पडला तिथे तरी हिरवे ठिपके उमटले असते. सहा दिवस वाट पाहिली, पण काहीही उमटले नाही.

रानवाट

मी कोल्हापुरात पदवीच्या वर्गांना वनस्पतिशास्त्र शिकवते. वर्णन वाचल्यावर सरांची शंका मला निराधार वाटत नाही, परंतु ती सिद्ध झाली असेही म्हणता येणार नाही. प्रथम औषध रोपाला का लागते ते मांडते, कारण प्रतिजैविके जिवाणूंवर चालतात, पिकांवर नाही, असा समज सर्रास आढळतो.

वनस्पतीच्या पेशीतले हरितलवक आणि तंतुकणिका हे दोन्ही घटक फार प्राचीन काळी पेशीत शिरून स्थिरावलेल्या जिवाणूंचे वंशज आहेत. त्यांच्याकडे स्वतःचा डीएनए आहे आणि प्रथिने बनवणारे स्वतःचे रायबोसोमही आहेत, जे जिवाणूंच्याच धाटणीचे आहेत. टेट्रासायक्लिन जिवाणूच्या रायबोसोमच्या लहान भागाला चिकटून प्रथिननिर्मिती थांबवते. हरितलवकातले रायबोसोमही तिला तसेच दिसतात. एन्रोफ्लॉक्सॅसिनसारखी औषधे डीएनएचा पीळ सोडवणाऱ्या गायरेज या विकरावर (एन्झाइमवर) काम करतात, आणि ते विकर हरितलवकातही असते. सल्फा गटातील औषधे फॉलेट हे जीवनसत्त्व तयार होण्याची वाट अडवतात. ती वाट माणसात नाही, पण वनस्पतीत आहे. असुलाम नावाचे तणनाशक हीच वाट अडवून तण मारते, यावरून मुद्दा लक्षात यावा. रोपे पांढरी पाडण्यासाठी प्रयोगशाळेत स्ट्रेप्टोमायसिन किंवा स्पेक्टिनोमायसिन मुद्दाम वापरतात, हे जैवतंत्रज्ञानाच्या कोणत्याही विद्यार्थ्याने पाहिलेले असते.

बी उगवताना स्वतःच्या साठ्यावर जगते, म्हणून उगवणीच्या टक्केवारीत फरक दिसत नाही आणि ‘उगवण तर छान झाली’ म्हणून आपण निश्चिंत होतो. औषधाशी पहिली गाठ मुळाच्या टोकाची पडते, म्हणून सर्वांत आधी मूळ आखूड राहते. जुन्या पानातले हरितलवक आधीच तयार झालेले असतात, म्हणून ते पान हिरवे राहते. ज्या पानाचे हरितलवक अजून घडायचे आहेत ते नवे पान फिकट निघते. नत्राच्या कमतरतेत नेमके उलट घडते: रोप जुन्या पानातले नत्र काढून नव्याला देते आणि पिवळेपणा खालून वर चढतो. तेव्हा सर, तुमच्या वाफ्यात जुने पान हिरवे आणि नवे पांढरे होते, याचा अर्थ त्या रोपांना नत्राची भूक लागलेलीच नव्हती.

मग युरियाने टोके का करपली? युरियाचे जमिनीत अमोनियम होते. अमोनियम मुळात शिरले की त्याचे ताबडतोब अमिनो आम्लांत रूपांतर करावे लागते, आणि त्यासाठी साखरेचा सांगाडा व ऊर्जा लागते. हे काम तुंबले तर अमोनियम पेशीत साठते आणि साठलेले अमोनियम विषारी असते. नायट्रेट दिले तरी सुटका नाही, कारण त्याचे आधी नायट्राइट आणि मग अमोनियम व्हावे लागते, आणि यातली दुसरी पायरी पानात हरितलवकाच्या आतच पार पडते. शिवाय पहिल्या पायरीचे विकर पेशीने बनवायचे की नाही, हेही हरितलवक सुस्थितीत आहे की नाही यावर बऱ्याच अंशी ठरते. आपल्या भागातल्या भाषेत सांगायचे तर साखर कारखान्याची गव्हाण, म्हणजे ऊस आत ओढणारा पट्टा, बंद आहे आणि आपण तोड चालू ठेवली आहे. अड्ड्यावर गाड्यांची रांग लागते आणि ऊस जाग्यावर वाळतो.

सरळप्रश्न

विवेचन आवडले, परंतु एक हरकत नोंदवतो. रोपांवरचे जे प्रयोग वाचायला मिळतात त्यांत लिटरमागे पाच, दहा, कधी शंभर मिलिग्रॅम औषध पाण्यात घालून रोपे वाढवलेली असतात. शेतातल्या मातीत किलोमागे मायक्रोग्रॅममध्ये मोजण्याइतके औषध असते. हजारपट फरक असताना प्रयोगशाळेतला निष्कर्ष वाफ्यावर लावणे कितपत योग्य आहे? अगदी कमी मात्रेत तर काही प्रतिजैविकांनी मुळांची वाढ किंचित वाढलेलीही दिसते.

गुरांचा दवाखाना

मी कागल भागात जनावरांवर उपचार करतो. सरळप्रश्न यांची हरकत शेताच्या बाबतीत बरोबर आहे, पण तरव्याच्या बाबतीत हिशेब करून पाहावा लागेल.

साडेचारशे किलोच्या म्हशीला किलोमागे १० मिलिग्रॅम म्हणजे दिवसाला साडेचार ग्रॅम ऑक्सिटेट्रासायक्लिन जाते. पाच दिवसांचे साडेबावीस ग्रॅम झाले. हे औषध शरीरात फारसे मोडत नाही, मोठा वाटा मूत्र आणि शेणावाटे जसाच्या तसा बाहेर पडतो. कमी धरून निम्मे म्हटले तरी ११ ग्रॅम. म्हैस दहा दिवसांत शेणमूत मिळून सुमारे साडेतीनशे किलो टाकते, म्हणजे किलोमागे सरासरी ३० मिलिग्रॅम आले. पाचही जनावरांचे शेण एकत्र पडत असेल तर ढिगात किलोमागे ५ ते ६ मिलिग्रॅम. हा मोजलेला आकडा नाही, आडाखा आहे. वाळताना आणि उन्हात काही औषध मोडले असेल, आणि पाणी उडून गेल्याने उरलेल्याची तीव्रता वाढलीही असेल.

सगळी औषधे सारखी नसतात, हेही सांगायला हवे. पेनिसिलिनच्या कुळातली शेणात लवकर मोडतात. एन्रोफ्लॉक्सॅसिनचा काही भाग जनावराच्या शरीरात सिप्रोफ्लॉक्सॅसिन होऊन बाहेर पडतो, म्हणजे एक प्रतिजैविक जाऊन दुसरे येते, आणि ही दोन्ही मातीला घट्ट चिकटून महिनोन्‌महिने टिकतात. कासदाहासाठी सडात सोडलेली ट्यूब पिळून काढलेले दूध पुष्कळ लोक गोठ्याच्या गटारीत ओततात. ते दूध विकायचे नाही एवढे सर्वांना ठाऊक असते, पण ते गटारीतून उकिरड्यावर आणि तिथून वाफ्यात जाते याचा विचार कोणी करत नाही.

मातीचा नमुना

डॉक्टरांचा आडाखा पुढे नेतो. एकरी दहा टन खत टाकले आणि ते वरच्या पंधरा सेंटिमीटर थरात मिसळले, तर त्या थराची माती सुमारे ९०० टन भरते. किलोमागे ५ मिलिग्रॅम औषध असलेले दहा टन खत म्हणजे ५० ग्रॅम औषध. ते ९०० टनांत पसरले की किलोमागे ५५ मायक्रोग्रॅमच्या आसपास येते. इथवर सरळप्रश्न यांचेच म्हणणे खरे ठरते.

रोपांच्या वाफ्यात मात्र आपण एक पाटी खताला चार पाट्या माती घेतो. तिथे तेच औषध किलोमागे एक मिलिग्रॅम होते, म्हणजे शेताच्या अठरापट. कुंडीत निम्मे खत घातले तर अडीच मिलिग्रॅम. ज्या वयात पीक सर्वांत नाजूक असते त्याच वयात आपण त्याला सर्वांत जास्त खताच्या मातीत ठेवतो, ही गोष्ट मला स्वतःला हा हिशेब मांडेपर्यंत जाणवली नव्हती.

टेट्रासायक्लिन मातीतल्या चिकणकणांना आणि कॅल्शियमला पकडून बसते, त्यामुळे एक मिलिग्रॅमपैकी मुळाला प्रत्यक्ष भेटणारा भाग बराच कमी असतो. टेट्रासायक्लिनची गोळी दुधाबरोबर घेऊ नये असे सांगतात ते याच कॅल्शियमपायी. काळ्या, चुनखडीच्या मातीत ती अडकून राहील; पश्चिमेकडच्या तांबड्या, आम्लधर्मी, चुना नसलेल्या मातीत ती तितकी अडकणार नाही. सरांचे रान कोणत्या मातीचे आहे?

भोगावतीकाठ

तांबूस, निचऱ्याची. तीन वर्षांपूर्वीच्या परीक्षणात सामू (पीएच) ५.९ आला होता.

शिरोळची रोपवाटिका

आमची भाजीपाला आणि उसाच्या रोपांची रोपवाटिका आहे. ट्रेमध्ये कोकोपीट वापरतो, शेणखत घालत नाही, त्यामुळे हा प्रश्न आपला नाही असे समजून वाचत होतो. मात्र पाणी आम्ही नदीचे उचलतो. वरच्या अंगाची गावे, शहरे, दवाखाने सगळ्यांचे सांडपाणी पंचगंगेत मिसळून खाली आमच्याकडे येते आणि उन्हाळ्यात पात्रात केंदाळाखाली पाणी हलतसुद्धा नाही. टोमॅटो आणि फ्लॉवरच्या रोपांना उन्हाळ्याच्या शेवटच्या पाळीत मुळी सुटत नाही, असा अनुभव दोन वर्षे येतो आहे. पाण्यात औषधे असतील काय, आणि विद्राव्य खतातले नत्र बदलून काही फरक पडेल काय?

रानवाट

आपल्या पाण्याबद्दल तपासणीशिवाय बोलणे बरे नाही. सर्वसाधारणपणे सांडपाणी मिसळणाऱ्या नद्यांत प्रतिजैविके लिटरमागे नॅनोग्रॅम ते मायक्रोग्रॅम एवढीच सापडतात. औषधनिर्मितीचे सांडपाणी जिथे येते तिथे चित्र वेगळे असते: हैदराबादजवळच्या पाटनचेरू येथील सांडपाणी प्रक्रिया केंद्रातून बाहेर पडणाऱ्या पाण्यात लिटरमागे ३१ मिलिग्रॅमपर्यंत सिप्रोफ्लॉक्सॅसिन आढळल्याचे २००७ मध्ये प्रसिद्ध झाले होते, आणि उपचार घेणाऱ्या माणसाच्या रक्तातही ते इतके नसते. आपल्या नदीकाठी तसा औषध उद्योग असल्याचे माझ्या ऐकिवात नाही. तेव्हा मुळी न सुटण्यामागे उन्हाळ्यातल्या पाण्याची क्षारता, विरघळलेल्या प्राणवायूचा अभाव आणि ट्रेचे तापमान हे संशयित आधी तपासावेत.

नत्राचा प्रश्न मात्र मोलाचा आहे, कारण धाग्याचा गाभा तोच आहे. नत्र इथे तीन वेगवेगळ्या भूमिकांत येते.

औषधाच्या ताणाखाली पेशीत ऑक्सिजनचे दाहक रेणू वाढतात. ते निस्तरणारी सारी विकरे प्रथिनेच असतात आणि प्रथिनांना नत्र लागते. ग्लुटाथिओन हा रेणू तीन अमिनो आम्लांचा बनलेला आहे. तो एकीकडे दाहक रेणू शमवतो आणि दुसरीकडे परक्या रसायनाला जोडला जाऊन त्याला पेशीच्या रिक्तिकेत (साठवणीच्या कप्प्यात) कोंडून ठेवण्यास मदत करतो. मक्याच्या रोपात क्लोरटेट्रासायक्लिनची अशी जोडणी झालेली दिसलेली आहे. म्हणून नत्राने उपाशी असलेले रोप औषधापुढे लवकर हार मानते. त्यातच पुरेसे नत्र मिळालेले रोप आकाराने वाढते आणि शिरलेले औषध मोठ्या देहात विरळ होते, हा सरळ फायदा.

दुसरी भूमिका उलटी. नत्राने पाने रुंद झाली की बाष्पोत्सर्जन वाढते, आणि पाण्याबरोबर वाहणारी सल्फा गटातली औषधे त्याच ओघात वर चढतात. ‘नत्र वाढवा म्हणजे रोप औषध सहन करील’ हे वाक्य म्हणूनच अर्धे खरे आहे. रोप सहन करीलही, पण त्याच्या अंगात औषध कमी जाईल असे नव्हे. पालेभाजीच्या बाबतीत हा फरक खाणाऱ्यापर्यंत पोहोचतो.

तिसरी भूमिका मला सर्वांत रंजक वाटते. मूळ अमोनियम घेते तेव्हा बाहेर आम्ल सोडते आणि नायट्रेट घेते तेव्हा भोवतालची माती अल्कधर्मी करते; मुळाला चिकटलेल्या मातीच्या पातळ थराचा सामू यामुळे एक ते दोन अंकांनी सरकू शकतो. आता सल्फाडायझिन घ्या. सामू ५.५ असताना त्याच्या दहा रेणूंपैकी नऊ विद्युतभाररहित असतात आणि पेशीच्या पटलातून सहज आत शिरतात, सामू ७.५ झाला की दहापैकी जेमतेम एक तसा उरतो. म्हणजे औषध तेवढेच, माती तीच, फक्त युरियाऐवजी नायट्रेट दिले तर दाराशी उभे असलेल्यांपैकी किती जणांना आत घ्यायचे याचा हिशेब बदलतो. टेट्रासायक्लिनला हे गणित लागू नाही, कारण तिचे रेणू या साऱ्या पट्ट्यात धन आणि ऋण असे दोन्ही भार बाळगून असतात. म्हणून ‘प्रतिजैविकांवर अमुक खत चांगले’ असे सरसकट विधान कोणी केले तर त्याला आधी औषधाचे नाव विचारावे.

मातीचा नमुना

यात एक भर. युरियाचे अमोनियम आणि अमोनियमचे नायट्रेट हे काम जमिनीतले जिवाणू करतात, आणि काही प्रतिजैविके त्यांनाच आधी गाठतात. सल्फा औषधे असलेल्या मातीत ही दुसरी पायरी रेंगाळते. परिणामी पिशवीवर युरिया लिहिलेले असले तरी रोपाच्या वाट्याला नेहमीपेक्षा जास्त दिवस निव्वळ अमोनियम येते. आपल्या युरियावर कडुनिंबाचे आवरण असते तेही हीच पायरी लांबवण्यासाठी. त्यात ताज्या गोमूत्राचा अमोनिया आधीच मातीत असतो. सरांच्या करपलेल्या टोकांमागे औषध किती आणि या तिहेरी अमोनियमचा मारा किती, हे डोळ्यांनी सांगता येणार नाही.

शेजारमळा

म्हणजे तरव्याला आता नायट्रेटवाले खत टाकायचे काय? ते पाण्यात टिकणार कसे?

रानवाट

तरव्याला नाहीच. भाताचे मूळ अमोनियम घ्यायला सरावलेले आहे आणि चिखल साचल्यावर नायट्रेट हवेत उडून जाते. नायट्रेटकडे झुकलेल्या मिश्र नत्राचा सल्ला टोमॅटो, मिरची, मका, ऊस अशा रोपांसाठी आहे, तोही ट्रेमध्ये. भाताच्या बाबतीत मात्रा फोडणे एवढेच हाती उरते: गुंठ्याला एक किलो युरिया एकदम न देता चार-पाच दिवसांच्या अंतराने पाव-पाव किलो द्यावा, आणि पहिला हात नवे पान हिरवे निघू लागल्यावरच द्यावा. नवे पान पांढरे निघत असेपर्यंत दिलेले नत्र साठते.

उसाबरोबर सोयाबीन

विषयाला धरूनच एक प्रश्न. आम्ही सोयाबीनच्या बियाण्याला स्ट्रेप्टोसायक्लिन चोळतो आणि नंतर रायझोबियम, म्हणजे मुळांवर नत्राच्या गाठी धरणारे जिवाणू, लावतो. हेही प्रतिजैविकच ना?

मातीचा नमुना

होय. ९० टक्के स्ट्रेप्टोमायसिन सल्फेट आणि १० टक्के टेट्रासायक्लिन. एका हाताने जिवाणूनाशक चोळून दुसऱ्या हाताने जिवाणू लावण्यात काही अर्थ नाही. गाठी कमी आल्या की आपण युरिया वाढवतो, आणि युरिया वाढला की उरल्यासुरल्या गाठीही धरत नाहीत. यातले एक काहीतरी सोडा. मी स्ट्रेप्टोसायक्लिन सोडा म्हणेन.

सरळप्रश्न

सर, माझी सूचना अशी की चर्चेवर न थांबता घरच्या घरी चाचणी करावी. प्रयोगशाळेत औषध मोजणे खर्चिक आहे. पेल्यातली रोपे फुकट आहेत. फक्त मांडणी चोख हवी, नाहीतर मुळे शेणातल्या खारटपणाने बिघडली की औषधाने, हा वाद उरेल.

मातीचा नमुना

मांडणी मी देतो. चार प्रकारचे खत-माती मिश्रण घ्या: दाराशी राहिलेले संशयित शेण, तेवढेच जुने पण औषध न दिलेल्या गोठ्यातले शेण, उकिरड्यातले कुजलेले खत, आणि नुसती माती. खारटपणाची शंका दुसऱ्या मिश्रणाने निस्तरेल. पेल्यात २०० ग्रॅम मिश्रण आणि मक्याचे एक-एक बी, कारण मक्याचे मूळ मोजायला सोपे जाते.

नत्राची मात्रा किलो मातीला ५० मिलिग्रॅम, म्हणजे पेल्याला १० मिलिग्रॅम धरू. लिटरभर पाण्यात २.२ ग्रॅम युरिया विरघळवा आणि पेल्याला १० मिलिलिटर द्या. अमोनियम सल्फेट असेल तर ४.९ ग्रॅम. नायट्रेटसाठी कॅल्शियम नायट्रेट घेऊ नका. त्यातले कॅल्शियमच टेट्रासायक्लिनला पकडील आणि श्रेय नायट्रेटला जाईल. १३:०:४५ म्हणजे पोटॅशियम नायट्रेट घ्या, ते ७.७ ग्रॅम लागेल. त्याबरोबर पालाश (पोटॅश) जातो, म्हणून बाकीच्या सर्व द्रावणांत, नत्र नसलेल्या पाण्यातसुद्धा, लिटरमागे ७ ग्रॅम ०:०:५० (पोटॅशियम सल्फेट) घाला म्हणजे पालाश सगळीकडे सारखा होईल. सहा-सहा पेले केलेत तर ९६ होतील. पेल्यांच्या जागा दर दोन दिवसांनी बदला आणि मुळे मोजणाऱ्याला पेल्यात काय होते ते सांगू नका.

शिरोळची रोपवाटिका

पेल्यांऐवजी ९८ खणांचा ट्रे चालला असता, पण खणात दोनशे ग्रॅम बसत नाही. पेलेच घ्या आणि बुडाला तापवलेल्या सुईने तीन भोके पाडा, नाहीतर सगळी मुळे एकजात कुजतील आणि दोष औषधाला लागेल.

भोगावतीकाठ

एकवीस दिवसांनंतर लिहीत आहे. ९६ पैकी सात पेल्यांतले बी उगवले नाही आणि तीन पेले मांजराने पाडले. उरलेल्यांचा वृत्तांत असा. मुळे मोजण्याचे काम नातीकडे दिले होते आणि तिला फक्त पेल्यांचे क्रमांक ठाऊक होते.

संशयित शेणाच्या पेल्यांतली मुळे इतर तिन्ही मिश्रणांपेक्षा आखूड राहिली, नत्र कोणतेही असो. औषध न दिलेल्या गोठ्यातल्या शेणातही मुळे नुसत्या मातीपेक्षा थोडी कमी होती, म्हणजे खारटपणाचा किंवा अमोनियाचा वाटा आहेच. पानांत मात्र फरक स्पष्ट होता. तिसऱ्या पानावर फिकट पट्टे फक्त संशयित शेणाच्या पेल्यांत आले. त्यातही युरिया आणि अमोनियम सल्फेटच्या पेल्यांत पट्ट्यांबरोबर टोके करपली. १३:०:४५ च्या पेल्यांत पट्टे होते, पण टोके शाबूत होती आणि रोपे बोटभर जास्त उंच होती. नत्र मुळीच न दिलेल्या पेल्यांत करपणे नव्हते, परंतु रोपे सर्वांत खुरटी होती आणि त्यांचे पहिले पानही पिवळे पडू लागले होते. उकिरड्यातल्या खताच्या पेल्यांत कोणत्याही नत्राने रोप उत्तमच आले, आणि तिथे युरिया व नायट्रेट यांत मला तरी फरक दिसला नाही.

सरळप्रश्न

मांजर धरूनही मांडणी वाईट नाही. औषध मोजलेले नसल्याने ‘औषधामुळेच’ असे लिहू नये, एवढाच आग्रह. तरीही करपणे फक्त संशयित शेण आणि अमोनियम एकत्र आले तिथेच दिसावे, हे रानवाट यांनी गव्हाणीचा दाखला दिला होता त्याच्याशी जुळते, आणि माझी पहिली हरकत मी रोपांच्या वाफ्यापुरती मागे घेतो.

रानवाट

१३:०:४५ च्या पेल्यांतही मूळ आखूडच राहिले, ही नोंद सर्वांनी लक्षात घ्यावी. योग्य रूपातल्या नत्राने पान सावरले, मूळ सावरले नाही. लावणीनंतर पहिल्या आठवड्यात रोपाला मूळच लागते, तेव्हा वरून हिरवे दिसते म्हणून असे रोप लावू नये. सर, उकिरड्यातल्या त्या खताला ढिगात असताना वाफ येत होती काय?

भोगावतीकाठ

होय. पावसाळ्यानंतर पालथे घालताना आत हात घालवत नव्हता.

रानवाट

मग उत्तर बरेचसे तिथेच आहे. ढीग ओला राहून ५५-६० अंशांपर्यंत तापला आणि दोन-तीनदा पालथा घातला गेला तर टेट्रासायक्लिनचा मोठा भाग मोडतो. एन्रोफ्लॉक्सॅसिन मात्र ढिगाच्या या उष्णतेलाही फारसे जुमानत नाही. दाराशी वाळत पडलेल्या शेणाला ना ओल मिळाली ना ऊब.

भोगावतीकाठ

पुढच्या तरव्यासाठी दाराशेजारचे शेण वाफ्यात घालणार नाही, हे ठरले. डॉक्टर, एक व्यावहारिक शंका: जनावराला इंजेक्शन झाल्यावर किती दिवसांचे शेण वेगळे टाकावे? दुधाचे दिवस औषधाच्या बाटलीवर लिहिलेले असतात, शेणाचे नसतात.

गुरांचा दवाखाना

पहिल्या इंजेक्शनपासून शेवटच्या इंजेक्शननंतरच्या दहाव्या दिवसापर्यंतचे शेण आणि गोठा धुतलेले पाणी वेगळे टाका, असे मी माझ्या गिऱ्हाइकांना सांगतो. लांब पल्ल्याचे इंजेक्शन असेल तर पंधरा दिवस. तो ढीग रोपवाफ्यापासून आणि विहिरीपासून लांब असावा, वर्षभर कुजवावा आणि नंतर उसाच्या सरीत पसरावा, वाफ्यात नको. औषधाचे नाव आणि तारीख गोठ्याच्या भिंतीवर कोळशाने लिहून ठेवा. माझ्याकडची चिठ्ठी हरवते, भिंत हरवत नाही.